पाच वर्षांखालचा प्रवासी

एसटीच्या तिकिटांचा हिशेब हल्ली मजेशीर झाला आहे. आजी पंचाहत्तरीच्या असतील तर २०२२पासून त्यांना प्रवास मोफत, आईला मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आणि पाच वर्षांखालच्या पोराला तिकीटच नाही. पूर्ण पैसे मोजतो तो एकटा बाप. पण सहलीचं वेळापत्रक असतं त्या बिनतिकिटाच्या हातात. जेवायला कधी थांबायचं, दर्शनाच्या रांगेतून मधेच कुणी बाहेर पडायचं, हे तोच ठरवतो. निम्म्या पिशव्याही त्याच्याच: दुपटी, डायपर, गरम पाण्याचा थर्मास, मऊ खिचडीचा डबा, तापाचं औषध.

सुट्टीत धाराशिव जिल्ह्यात येणाऱ्या कुटुंबांचा बेत साधारण ठरलेला असतो. सकाळी तुळजापूरला भवानीचं दर्शन, दुपारी नळदुर्ग, जमलं तर संध्याकाळी तेर. कागदावर सगळं बसतं. प्रत्यक्षात पोराला झोप नेमकी किल्ल्याच्या दारात लागते.

नळदुर्गचा पाणीमहाल खरोखरच थक्क करणारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच महाल काढला. नदी भरून आली की नर-मादी धबधबे शेजारून कोसळतात आणि माणूस आत उभा राहून ते बघतो. आईबाप हे सारं समजावून सांगत असतात, तेव्हा तीन वर्षांचं पोर उकिडवं बसून दगडांच्या फटीतून निघालेली मुंगळ्यांची रांग बघत असतं. हात धरून उठवलं की भोकाड. मुंगळे काय, घरच्या अंगणातही होते. मग एवढे पैसे घालून इथवर आणलं कशाला, असं बापाला वाटतं. पण चारशे वर्षं म्हणजे किती, हे ज्याला उद्या आणि परवातला फरकही कळत नाही त्याला कसं कळावं? त्याची सहल छान चाललेली असते. बिघडते ती मोठ्यांची.

मग पूर्वी लोक लहान मुलं घेऊन बाहेर पडतच नव्हते का? पडत होते. जावळ काढायला, नवस फेडायला तान्ही मुलं तुळजापूरला येतच होती, आजही येतात. पण सोबत अख्खी भावकी असे आणि उतरायचं ते घराण्याच्या पुजाऱ्यांकडे. पोर आत्याच्या कडेवरून मामाच्या खांद्यावर, तिथून आजीच्या मांडीवर. अर्थात त्या यात्रेचे गोडवे गाण्याचंही कारण नाही; पुरणाचा घाट तेव्हाही बायकांच्याच माथी होता. एवढंच की पोरावर नजर ठेवायला बरीच माणसं होती. आता गाडीत नवरा, बायको आणि मूल. माणसं कमी झाली, राखण तेवढीच राहिली.

राखण ही थट्टेची गोष्ट नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. लहान मूल असलेल्याने ती एकदा वेगळ्या कानांनी ऐकावी. पत्नी मूल सोपवून पाण्याला गेली, काका चिखल तुडवता तुडवता नामात रंगले आणि मूल पायाखाली गेलं. तिथे पांडुरंग धावून आला. किल्ल्याच्या तटावर मोबाइलमध्ये फोटो काढण्यात रंगलेल्या बापासाठी तो येईलच, या भरवशावर राहू नये.

म्हणून खरा प्रश्न कुठे जायचं हा नाहीच. नजर कुणी ठेवायची हा आहे. घरात ज्या बाईवर हे काम असतं, तिच्यावरच ते सहलीत राहणार असेल, तर तिच्या दृष्टीने फक्त गाव बदललं, तेही हाताशी स्वयंपाकघर नसताना. तुळजाभवानीसुद्धा वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. त्यातली दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतरची, पौर्णिमेपर्यंतची, ती श्रमनिद्रा. नऊ दिवसांच्या युद्धाने देवी दमते हे आपण मानतो, तिला पलंगावर निजवतो. घरातली आई दमते, हे मानायला मात्र सहल संपून ती तापाने पडावी लागते.

उपाय साधा आहे. देवळात पूजेच्या पाळ्या ठरलेल्या असतात, तशा पोराच्या पाळ्या घर सोडण्यापूर्वीच ठरवा. सकाळी बाप सांभाळणार असेल तर आईने मोकळ्या हाताने दर्शन घ्यावं, दुपारी उलट. दिवसाला एकच ठिकाण. आजी-आजोबांना न्यायचं तर पाहुणे म्हणून. आयतं मनुष्यबळ म्हणून नव्हे. आणि देवस्थानं, किल्ले, बसस्थानकं सांभाळणाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा. रायगडच्या हिरकणीचं नाव स्तनपानाच्या खोलीला दिलं म्हणजे काम संपत नाही; त्या खोलीला कुलूप नसावं, आत पंखा, पाणी आणि बसायला जागा असावी. सावली आणि स्वच्छ संडास ही चैन नव्हे.

यंदा खोलीचं बुकिंग करण्याआधी नवऱ्यांनी बायकोला एवढंच विचारावं: यात तुझी सुट्टी किती तासांची? उत्तर शून्य असेल, तर आधी बेत बदला, मग पैसे भरा.