निघावे की राहावे?



जळत्या घरातून जो बाहेर धावतो, त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पण घरची माणसे आत अडकलेली असताना तो एकटाच निघाला असेल, तर मात्र आपण विचारतो, 'हा कशासाठी निघाला?' या प्रश्नाचा विचार आज इतिहासातील एका घटनेच्या आधारे करू या.

१९ सप्टेंबर १८७० रोजी प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. सुमारे वीस लाख माणसे आत कोंडली गेली. रस्ते, रेल्वे, तारायंत्र, सारे बंद झाले. पुढे तर लोकांवर घोडे आणि उंदीर खाण्याची पाळी आली. मोकळे होते ते फक्त आकाश. २३ सप्टेंबरला द्युरूफ नावाचा उड्डाणपटू 'नेपच्यून' या बलूनमधून टपाल घेऊन बाहेर पडला. मग ओस पडलेल्या रेल्वे स्थानकांत नवे बलून शिवले जाऊ लागले आणि खलाशांना ते चालवायला शिकवण्यात आले. चार महिन्यांत साठाहून अधिक बलून उडाले. त्यांतून वीस लाखांहून अधिक पत्रे बाहेर गेली. पत्राचे वजन ४ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा नियम होता.

माणसांना मात्र त्या टोपलीत फार थोडी जागा होती. बलून वारा नेईल तिकडे जाणार. परत आत येण्याची सोय नव्हती. म्हणजे जो निघाला, तो इतरांना उपासमारीत ठेवूनच निघाला. मग हे कर्तव्य म्हणायचे की पलायन?

७ ऑक्टोबरला गाँबेता हे मंत्री माँमार्त्र टेकडीच्या पायथ्यापासून बलूनने निघाले. बाहेर जाऊन सैन्य उभारावे आणि पॅरिस सोडवावे, हे त्यांचे काम होते. सैन्य उभे राहिले, पण पॅरिस सुटले नाही. २८ जानेवारी १८७१ रोजी शहराला शरणागती पत्करावी लागली. मग त्यांचे जाणे चुकीचे ठरते का? युद्ध किती ताणावे, यावर वाद होऊ शकतो. पण कृतीची पारख केवळ यशावरून होत नाही. आपण काय करतो, कोणत्या हेतूने करतो आणि कोणत्या परिस्थितीत करतो, हे तिन्ही पाहावे लागते.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. दमास्कसच्या वेशींवर पहारा बसला, तेव्हा शिष्यांनी संत पौलांना रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. पुढे वँडल टोळ्या उत्तर आफ्रिकेवर चालून आल्या, तेव्हा होनोरातुस या बिशपांनी संत ऑगस्टीनना विचारले, 'आम्ही पळावे का?' ऑगस्टीन यांनी पौलांच्याच पाटीचा दाखला दिला. शत्रू एकाच्याच जिवावर उठला असेल आणि लोकांची सेवा करायला दुसरे असतील, तर त्याने जावे. पण संकट सर्वांवर असेल, तर ज्याच्या सेवेची लोकांना गरज आहे, त्याने त्यांना सोडून जाऊ नये. ऑगस्टीन स्वतः हिप्पो शहरातच राहिले आणि इ.स. ४३० मध्ये वेढा चालू असतानाच निवर्तले.

एक जण पाटीत बसून निघाले, दुसरे तटाच्या आत राहिले. दोघेही संत! म्हणजे निघणे हे पाप नाही आणि राहणे हे आपोआप पुण्यही नाही. काही जण तर केवळ बाहेरच्या भीतीनेच आत राहतात. मागे उरलेल्यांशी आपले नाते कोणते राहते, हा खरा प्रश्न आहे.

नोव्हेंबर १८७० मध्ये प्रिन्स नावाचा खलाशी 'जाकार' या बलूनमधून एकटाच निघाला. वाऱ्याने त्याला समुद्राकडे नेले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याच्याकडील काही टपाल मिळाले. प्रिन्स कधीच सापडला नाही. तो शहर सोडून गेला खरा, पण शहराचेच ओझे घेऊन गेला.

आपल्यापैकी कोणी नोकरीसाठी परदेशी जातो, कोणी आजारी आईवडिलांपासून दूर राहतो, कोणी घरच्या कटकटींतून बाहेर पडतो. त्यांना दोष देण्याची घाई करू नये. मात्र निघणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावे, 'माझ्या टोपलीत मी एकटाच आहे, की मागे राहिलेल्यांची पत्रेही आहेत?'

आपला,
धर्मगुरू