खड्याचे पैसे

तुमच्या गाडीचं चाक शेवटचं कोणी काढून बसवलं, त्या माणसाचा चेहरा तुम्हाला आठवतो का? मला वाटतं, नाही आठवणार. डीलरशिपमध्ये आपण बोलतो ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी. तो हसून किल्ली घेतो, संध्याकाळी बिल देतो. गाडी खरोखर उघडणारा टेक्निशियन काचेपलीकडे असतो. बिलावर कुठेतरी त्याचा क्रमांक छापलेला असतो, तो कोण वाचतं?

गेल्या हिवाळ्यात इथे मिशिगनमध्ये माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकातून करकर आवाज यायला लागला. पोस्टडॉकच्या पगारात दुरुस्ती म्हटलं की पोटात गोळा येतो. पॅड, रोटर, सगळ्याची मनात बेरीज करून आणि काचेपलीकडचा माणूस आपल्याला फसवणारच हे गृहीत धरून मी बसले होते. तासाभराने तो स्वतःच बाहेर आला. हातात वाटाण्याएवढा खडा. ब्रेकचा रोटर आणि त्यामागचा पत्रा यांच्यामध्ये अडकला होता. "पॅड अजून सहा मिलिमीटर आहेत, इतक्यात बदलू नका," एवढं सांगून तो आत गेला. अ‍ॅडव्हायझरने तपासणीचे पैसे माफ केले. मी अ‍ॅडव्हायझरचे दोनदा आभार मानले आणि खूश होऊन घरी आले.

आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणारे गृहस्थ पूर्वी डीलरशिपमध्ये टेक्निशियन होते. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "मग त्याला काय मिळालं?"

अमेरिकेतल्या बऱ्याच डीलरशिपमध्ये टेक्निशियनला घड्याळाच्या तासांवर पगार नसतो, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक कामाला पुस्तकात ठरलेला वेळ असतो. दीड तासाचं काम एका तासात केलं तरी पैसे दीड तासाचे, तीन तास लागले तरी दीडचेच. वॉरंटीतल्या कामाचा वेळ कंपनी ठरवते, आणि तो बहुतेकदा ग्राहकाच्या खिशातून होणाऱ्या त्याच कामापेक्षा कमी असतो. हत्यारं बहुधा स्वतःची, तीही हप्त्याने घेतलेली. आणि अ‍ॅडव्हायझरने तपासणी माफ केली, की अनेक ठिकाणी टेक्निशियनच्या नावावर त्या तासाचं काहीच पडत नाही. पॅड बदलले असते तर पडलं असतं. म्हणजे माझ्याशी खरं बोलण्याचा खर्च बहुधा त्यानेच केला, आणि आभार मिळाले दुसऱ्याला.

मला पटकन माझं क्षेत्र आठवलं. सहा महिने प्रयोग करून "इथे काहीच सापडलं नाही" असं लिहिलं, तर तो निबंध छापायला कोणी फारसं उत्सुक नसतं. पण ही तुलना लंगडी आहे. काही सापडलं नाही तरी महिनाअखेरीस माझा पगार जमा होतो.

आता तुम्ही म्हणाल, पैसे मिळत नाहीत म्हणून खोटं बोलायचं का? नाही, आणि इथे मी त्या व्यवसायाची वकिली करत नाही. सहा मिलिमीटरच्या पॅडला लाल खूण करणारा माणूस खोटंच बोलतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंत न आवळता घाईत गाडी सोडणारा तर माझ्याच नाही, शेजारच्या लेनमधून जाणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्याही जिवाशी खेळतो. ते त्याचे ग्राहकसुद्धा नाहीत. ही जबाबदारी पगाराच्या पद्धतीवर ढकलता येत नाही. पण रोज आठदहा गाड्यांवर, कोणी बघत नसताना, स्वतःचं नुकसान करून खरं बोलायची अपेक्षा आपण एका माणसाकडून करतो आणि बाकी कोणाकडूनच काही मागत नाही, हे मला खटकतं. डीलरशिपचा मालक, कंपनी, मी, सगळे त्याच्या सचोटीवर फुकटात निभावून नेतो.

लहानपणी बाबांच्या स्कूटरचा मेकॅनिक रस्त्यावरच काम करायचा. बाबा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघायचे, जुना भाग हातात घेऊन उलटसुलट करायचे. (कॅलिफोर्नियात काढलेला भाग परत मागायचा हक्क ग्राहकाला कायद्याने आहे. बाबांना कायदा लागला नाही.) इथल्या काचेमुळे विश्वास गेला, असं लिहायचा मोह मला झाला होता. पण मग आठवलं, एकदा स्कूटर सुरूच होईना. त्याने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं, प्लग काढला, घासला, परत बसवला. पहिल्या किकला सुरू. त्याने पैसे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "नुसता प्लग तर पुसलास, त्याचे कसले पैसे?" तो ओशाळून हसला आणि काही न घेता दुसऱ्या गाडीकडे वळला. बाबा शेजारीच बसले होते. सगळं डोळ्यांसमोर झालं होतं.

सर्व्हिसनंतर मला ईमेलवर प्रश्नावली आली. सगळे प्रश्न अ‍ॅडव्हायझर, स्वच्छता आणि कॉफीबद्दल. शेवटच्या रिकाम्या चौकटीत मी खड्याबद्दल लिहिलं, बिलावरचा क्रमांक शोधून घातला. ते त्याच्यापर्यंत पोचलं का, कळायला मार्ग नाही. पुढच्या महिन्यात ऑइल बदलायला जायचंय. पुन्हा कुणी हसून "तपासणी माफ" म्हणालं, तर "नको, लावा पैसे" म्हणायचं मी ठरवलंय. फक्त ते पैसे काचेपलीकडे जातील ना, हे आधी विचारावं लागेल. आणि काउंटरवर, मागे रांग उभी असताना, ते कसं विचारायचं ते अजून जुळत नाहीये.