हजेरी आणि अभ्यास

विद्यार्थ्याने वेळेचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. पहाटे उठावे, वेळापत्रक आखून भिंतीवर लावावे आणि त्याबरहुकूम वागावे, एवढे सांगितले की आपला उपदेश संपतो. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थी आपल्या वेळेचा हिशेब देतो तो कोणाला? वडिलांना, परीक्षकाला, की स्वतःला?

आम्ही पडलो सरकारी नोकर. वेळेशी आमची ओळख हजेरीतून झालेली. पूर्वी हजेरीपुस्तकात सही होत असे, आता यंत्रावर बोट टेकवावे लागते. दोहोंत नोंद होते ती माणूस आल्याची, काम झाल्याची नव्हे. हा भेद प्रत्येक कारकुनाला पक्का ठाऊक असतो. तरीही संध्याकाळी घरी परतल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "आज किती तास बसलास?" कचेरीतील हजेरीपुस्तकच जणू आपण घरी आणतो; आणि मुलगाही मग तास भरून दाखवण्यास शिकतो.

यात तो वडिलांना फसवतो हे खरे. पण त्याहून गंभीर गोष्ट ही की तो स्वतः फसतो. एकच धडा चार वेळा वाचला की तो ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला म्हणजे आला, असे मन सांगू लागते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने मननीय आहेत. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, आपल्या लक्षात पुष्कळ राहील असा भरवसा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. त्यापूर्वी 1885 साली एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की, एका बैठकीत केलेल्या अनेक आवृत्त्यांपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेल्या थोड्या आवृत्त्या अधिक टिकतात.

आपल्या भाषेला हे मर्म अनोळखी नाही. घोकंपट्टी आणि उजळणी हे दोन शब्द आपण वेगळे ठेवले आहेत. घोकताना मनुष्य पुढे धावत असतो. उजळणीत तो मागे वळतो, आणि काय काळवंडले आहे ते त्याला दिसते. ते पाहणे सुखाचे नसते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदासमोर बसले असता आपले अज्ञान उघडे पडते, म्हणूनच मन ते टाळते. चांगली अभ्यासाची सवय ही प्रथम घड्याळाची शिस्त नसून स्वतःशी खोटे न बोलण्याची शिस्त आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आम्ही राहतो त्या बंगळूर शहरात चंद्रशेखर वेंकट रामन 1933 साली आले आणि 1970 साली येथेच निवर्तले. त्यांचे नाव संशोधक म्हणून सर्वश्रुत आहे. पण 1907 ते 1917 ही दहा वर्षे ते आपल्यासारखेच केंद्र सरकारचे नोकर होते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. हिशेबखात्यातील ही नोकरी बदलीची होती. कलकत्त्याहून रंगून, रंगूनहून नागपूर आणि पुन्हा कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. कलकत्त्यात कचेरीपूर्वी सकाळी व कचेरीनंतर संध्याकाळी ते एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथे त्यांची हजेरी घेणारा वरिष्ठ कोणी नव्हता. प्रयोग फसला तर तो फसला हे उपकरणच सांगे, आणि उपकरणापुढे सबब चालत नाही.

मात्र अशा उदाहरणांवरून "चोवीस तास सर्वांना सारखेच" हे वाक्य मुलांच्या तोंडावर फेकणे अन्यायाचे आहे. संशोधकाच्या मोकळ्या वेळेमागे बहुधा घर सांभाळणाऱ्या कोणाचे तरी तास खर्ची पडलेले असतात. विश्वेश्वरय्या येथील सेंट्रल कॉलेजात शिकत होते तेव्हा शिकवण्या करून गुजराण करीत. 1881 साली ते पदवीधर झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात गेले. 1883 साली तेथील अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. त्यांच्या निष्ठेला तोड नाही. परंतु शिष्यवृत्तीने त्यांना जे दिले ते मुख्यतः तासच होते. आपल्या बदल्यांमुळे ज्या मुलाला नवी शाळा, नवी भाषा आणि नवे सोबती पुनःपुन्हा पत्करावे लागतात, त्याचेही काही तास आपणच खर्च केलेले असतात. ते जमेस न धरता त्याला आळशी म्हणणे हा खोटा हिशेब होय.

मग वडीलधाऱ्यांनी करावे काय? तास विचारू नयेत. "आज जे वाचलेस ते पुस्तक मिटून मला सांग," असे म्हणावे. विषय आपल्याला कळलाच पाहिजे असे नाही. सांगणारा जेथे अडखळतो ती जागा त्याला स्वतःलाच समजते, आणि उद्याचा अभ्यास कोठून सुरू करावा हे ठरते. तीन-चार दिवसांनी तेच पुन्हा विचारावे. रात्र झाली की त्याला झोपू द्यावे, कारण दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते.

या मार्गात एकच अडचण आहे. तास विचारायला अर्धे मिनिट पुरते, तर ऐकून घ्यायला अर्धा तास लागतो, आणि तो आपल्या वर्तमानपत्रातून, आपल्या मोबाईलमधून काढावा लागतो. मुलाच्या वेळेचा हिशेब मागण्याचा अधिकार हा अर्धा तास देणाऱ्यालाच पोहोचतो, असे आमचे मत आहे.