शेवटचें आसन

मध्यमवर्गीय माणसाला पैशाचा हिशेब उत्तम येतो. पण तो हिशेब आपण कोणासाठीं मांडीत आहों, याचा विचार तो क्वचितच करतो. हें विधान दुसऱ्या कोणाविषयीं नसून माझ्या स्वतःविषयींच आहे. जवळजवळ तीस वर्षें विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकविल्यावर, घरांतली एक बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोली सजवितांना हा प्रश्न प्रथमच माझ्यापुढें खऱ्या अर्थानें उभा राहिला. हें कबूल करतांना संकोच वाटतो. तथापि तो गिळून लिहिलें पाहिजे.

हकीकत अशी. गेल्या उन्हाळ्यांत माझ्या मुलानें घरांतच एक लहानसें चित्रगृह, आजच्या भाषेंत होम थिएटर, करण्याचें मनावर घेतलें. रक्कम ठरली दीड लाख रुपये. त्यापलीकडे एक पैहि नाहीं. ही चैन आहे, असें माझें पहिलें मत पडलें. पण मग घराकडे नीट पाहिलें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं पांच माणसें पांच कोपऱ्यांत आपापला फोन घेऊन बसतात. एडिसनचें चलच्चित्राचें यंत्र १८९४ सालीं न्यूयॉर्कमध्यें लोकांसाठीं मांडण्यांत आलें, तेव्हां एका वेळीं एकाच माणसानें वांकून भोंकांतून चित्र पाहावयाचें असे. पुढच्याच वर्षीं, २८ डिसेंबर १८९५ रोजीं, ल्यूमिएर बंधूंनीं पॅरिसमध्यें तेंच चलच्चित्र पडद्यावर टाकून पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांस एकत्र दाखविलें. आणि ७ जुलै १८९६ रोजीं तें मुंबईंत वॉटसनच्या हॉटेलांतहि पोहोंचलें. हातांतला फोन म्हणजे तें जुनें भोंकच होय, असें मला वाटूं लागलें. पांच माणसें एकाच पडद्याकडे पाहणार असतील, तर दीड लाख रुपये वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं. मीं संमति दिली.

खोलीचा पहिला अर्धा भाग स्वस्तांत झाला. चांगल्या चित्राला अंधार लागतो आणि अंधाराला पैसे फारसे पडत नाहींत: भिंतींना गडद व निस्तेज रंग, खिडकीला जाड दुहेरी पडदा. चांगल्या आवाजाला घुमारा कमी व्हावा लागतो. त्यासाठीं जमिनीवर जाजम, बाजूच्या भिंतीशीं माझीं पुस्तकांचीं कपाटें, आणि मागल्या भिंतीवर कापडांत शिवलेल्या जुन्या गाद्या. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आम्हीं अंथरूण भिंतीला टांगून पाळली. या युक्तीला मोठी परंपरा आहे. १८९५ सालींच हार्वर्ड विद्यापीठांतल्या एका व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें घुमाऱ्यामुळें समजेना, म्हणून वॉलेस सॅबाइन नांवाच्या तरुण प्राध्यापकानें शेजारच्या नाट्यगृहांतल्या बैठकींच्या गाद्या रात्रीं आणून मांडल्या आणि घुमारा किती कमी होतो तें मोजलें. त्याचें माप होतें उघड्या खिडकीचें, कारण तिच्यांतून गेलेला आवाज परत येत नाहीं. मोजतां मोजतां त्यानें माणसांचेंहि माप घेतलें. कारण माणसाचें शरीर आणि अंगावरचे कपडेसुद्धां आवाज शोषून घेतात. खोलींतली माणसें ही खोलीच्या रचनेचाच भाग आहेत, हें मला या गोष्टींतून प्रथम कळलें.

अडचण आली ती दुसऱ्या अर्ध्यांत. मुलानें काढलेल्या नकाशांत मधोमध एक खुर्ची होती. पडद्यापासूनचें अंतर, दोन्ही बाजूंच्या स्पीकरांचे कोन, सर्व त्या एका खुर्चीवरून मोजलेलें. याविषयींच्या माहितीपत्रकांतहि बहुधा असेंच असतें. यांत लबाडी नाहीं, पदार्थविज्ञान आहे. बारा फुटांच्या अंतरावरील दोन भिंतींमध्यें सेकंदास सुमारें ४७ कंपनांच्या मंद्र स्वराची स्थिर लाट उभी राहते. भिंतींशीं तो स्वर गडगडतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. एकच मोठा सबवूफर, म्हणजे मंद्र स्वरांपुरता वेगळा स्पीकर, घेतला तर तो एका जागेपुरता उत्तम जुळवितां येतो. बाकीच्यांनीं मिळेल तें ऐकावें. मुलाच्या अंदाजपत्रकांत सर्वांत मोठा आंकडा प्रोजेक्टरचा होता आणि दुसरा या सबवूफरचा.

“आणि आजी कुठें बसणार?” मीं विचारलें.

माझी आई ब्यायशी वर्षांची आहे. तिला ऐकूं कमी येतें आणि मधूनमधून उठावें लागतें. मुलगा उत्तर देण्यापूर्वींच ती म्हणाली, “मला रे काय? मी आपली दाराशीं बसेन.”

दार मागल्या भिंतीच्या कोपऱ्यांत. म्हणजे जेथें मंद्र स्वर सर्वांत अधिक गडगडणार आणि त्याखालीं पात्रांचें बोलणें बुडणार, तीच जागा खोलींतल्या सर्वांत कमी ऐकूं येणाऱ्या माणसाला. हें कोणी ठरविलें नव्हतें. तिनें मागितलें नाहीं, म्हणून आम्हीं दिलें नाहीं, एवढेंच. आपल्या घरांतले पुष्कळ अन्याय याच वाटेनें येतात. त्यांत कोणी हिसकावून घेत नाहीं. कोणी तरी आपण होऊन मागें सरतें आणि बाकीचे त्या सोयीला स्वभाव म्हणतात.

१९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यायाविषयींच्या ग्रंथांत जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें एक कसोटी सुचविली आहे. समाजांत आपल्या वांट्याला कोणती जागा येणार हें ठाऊक नसतांना त्या समाजाचे नियम ठरवावयाचे झाले, तर आपण काय ठरवूं? ज्याची स्थिति सर्वांत वाईट, त्याची स्थिति होईल तितकी चांगली असावी, असेंच ठरवूं; कारण तो माणूस आपणच असण्याचा संभव आहे. हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें आहे. त्या दिवशीं मुलाला म्हटलें, पांच आसनांना चिठ्ठ्या टाकावयाच्या आहेत असें समज आणि नकाशा पुन्हा काढ.

त्यानें काढला, आणि मजा अशी कीं हिशेबाचे आंकडेच हलले. एका मोठ्या सबवूफरऐवजीं दोन लहान घेतले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याशीं ठेवल्यानें त्यांतला एक दुसऱ्याच्या लाटेला आवरतो आणि गडगडाट सर्व खोलींत पुष्कळसा सारखा होतो. प्रोजेक्टर एक पायरी खालचा निवडला, आणि वांचलेला पैसा मधल्या स्पीकरवर घातला. कारण चित्रपटांतलें बोलणें मुख्यतः त्यांतून येतें. रक्कम दीड लाखच राहिली.

यावर आक्षेप येईल कीं, कलेचा आस्वाद ही समान वाटपाची वस्तु नव्हे. सर्वांना थोडें थोडें देण्याच्या नादांत उत्तम असें कोणालाच मिळत नाहीं. आक्षेप खोटा नाहीं. मधल्या खुर्चीचें कांहीं गेलें, हें मुलगा अजून बोलून दाखवितो आणि त्याचा कान माझ्यापेक्षां चांगला आहे. परंतु येथें समान वाटप कोणी मागितलेलेंच नाहीं. मधली खुर्ची आजहि सर्वांत चांगली आहे. प्रश्न एवढाच होता कीं, तिचा शेवटचा अंश साधण्यासाठीं दाराशीं बसणाऱ्या माणसाला संवादच ऐकूं येऊं नये काय? पैसा अमर्याद असता तर हा प्रश्न उठलाच नसता. काटकसरीचा हाच गुण मला मोठा वाटतो: ती आपल्याला पसंतीक्रम लावावयास भाग पाडते, आणि त्या क्रमांत आपलें मन उघडें पडतें.

येथें लेख संपवितां आला असता. पण खोली सुरू झाल्यावर चौथ्या कीं पांचव्या दिवशीं शेजारच्या वहिनी वाटी परत द्यावयास आल्या. यजमानांची शस्त्रक्रिया होऊन ते नुकतेच घरीं आले होते. जातां जातां सहज म्हणाल्या, “काल रात्रीं बराच वेळ गडगडत होतं. ह्यांचा डोळा लागला नाहीं. पाऊस कांहीं आला नाहीं मात्र.”

ती तक्रार होती कीं नाहीं, हें मला अजून कळलेलें नाहीं. पडदे आणि गाद्या खोलींतला घुमारा कमी करतात. भिंतीपलीकडे जाणारा आवाज त्या अडवीत नाहींत. त्याला जड भिंत लागते, फटी बुजवाव्या लागतात, आणि मंद्र स्वर तर त्यांतूनहि पार होतो. २००० सालच्या ध्वनिविषयक नियमांत निवासी भागासाठीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा ही वेळ आणि ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे; पण आजारी माणसाच्या उशाशीं डेसिबल मोजीत कोणी बसत नाहीं. आम्हीं पांच आसनांचा न्याय केला होता. सर्वांत वाईट आसन भिंतीपलीकडे होतें, आणि तें नकाशांत नव्हतेंच.

१९८७ सालीं दूरदर्शनवर रामायण सुरू झालें तेव्हां आमच्या वाड्यांत दूरचित्रवाणीचा एकच संच होता. रविवारीं सकाळीं त्या घराला दार नसे. आवाज खरखरीत, चित्र हलतें, आणि मुलें तर इतकीं पुढें बसत कीं मागच्यांना त्यांचीं डोकींच अधिक दिसत. त्या काळाचें मला वृथा कौतुक नाहीं; पण शेजारी तेव्हां खोलीच्या आंत होता, एवढें खरें.

आतां रात्रीं नऊनंतर दोन्ही सबवूफर बंद असतात. आई पुष्कळदां अर्ध्या चित्रपटांतच पेंगते. तो तिचा अधिकार आहे. शेजारचे गृहस्थ बरे झाले म्हणजे त्या उभयतांना बोलवावयाचें आमच्या घरीं ठरलें आहे. मात्र पांच आसनांच्या खोलींत सात आसनें कशीं बसवावीं, हें अजून जमलेलें नाहीं. नकाशा पुन्हा काढावा लागेल.