चौथें ऋण

दुसऱ्याजवळ कांहीं मागण्याची पाळी येणें मानी मनुष्यास नेहमींच कठीण वाटतें. परंतु मागण्याचे सर्वच प्रसंग सारखे नसतात. लग्नासाठीं कर्ज मागणारा, नोकरीसाठीं शिफारस मागणारा आणि पोटच्या मुलाच्या शस्त्रक्रियेचें बिल भागविण्यासाठीं साहाय्य मागणारा हे तिघेही वरवर पाहतां याचकच होत. तथापि पहिल्या दोघांना मागें फिरण्यास वाट असते. लग्न साधेपणानें करतां येतें, नोकरी दुसरी शोधतां येते. तिसऱ्याला ती वाट नसते. त्याची गरज त्यानें ओढवून घेतलेली नसते, ती पुढें ढकलतां येत नाहीं, आणि तिची किंमत ठरविण्यांत त्याचा कांहींच हात नसतो. अशा मनुष्यानें पुढें केलेला हात भिकाऱ्याचा समजावा कीं आपलें येणें मागावयास आलेल्या धनकोचा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. आणि त्याच्या उत्तरावर आपल्या समाजाच्या नीतीची बरीच परीक्षा अवलंबून आहे असें आम्हांस वाटतें.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगानें. ओळखीचे एक गृहस्थ एका कारखान्यावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. त्यांच्या पत्नीवर हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती, आणि सवलतीचा अर्ज देण्यासाठीं त्यांच्याबरोबर एका धर्मादाय रुग्णालयांत जाण्याचा योग आम्हांस आला. सकाळीं ते घरांतून बाहेर पडले तेव्हां त्यांच्या अंगावर गळपट्टी विरलेला एक जुना सदरा होता. बरा सदरा कां घातला नाहीं असें विचारतां ते म्हणाले, "शेजारचे म्हणाले, तिकडे नीटनेटकें जाऊं नका, कोणी गरीब समजणार नाहीं." खिडकीशीं उभे राहिले तेव्हां तहशीलदाराचा दाखला, शिधापत्रिका, सर्व कागद त्यांच्या हातांत होते, कायद्यानें त्यांना जें मिळावयाचें तें त्या कागदांवरून सिद्ध होत होतें. तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाले ते एवढेच: "साहेब, कृपा करा." कारकून मनुष्य वाईट नव्हता. त्यानें कागद चाळले, आणखी एक शिक्का आणावयास सांगितलें आणि "बघूं" म्हटलें. पुढें अर्ज मान्य झाला, शस्त्रक्रियाही सुखरूप पार पडली. कोणाविरुद्ध तक्रार करावी असें त्यांत कांहीं नव्हतें. पण तो विरलेला सदरा आमच्या मनांतून जाईना. जन्मांत कोणाचा मिंधा न झालेल्या मनुष्याला, आपल्याच हक्काची वस्तु घेण्यासाठीं, स्वतःचें खरें दारिद्र्य सोंगासारखें अंगावर चढवून जावें लागलें होतें.

त्यांनीं कृपा म्हणून जें मागितलें तें वस्तुतः काय होतें, हें आधीं पाहूं. महाराष्ट्रांतील सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा १९५० चा आहे. त्यांत पुढें घातलेल्या ४१ कक या कलमाच्या आधारें मुंबई उच्च न्यायालयानें २००६ मध्यें एक योजना लागू केली. तदनुसार धर्मादाय रुग्णालयानें आपल्या खाटांपैकीं शेंकडा १० निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य व शेंकडा १० दुर्बल घटकांतील रुग्णांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवावयाच्या असतात, आणि रुग्णांच्या एकंदर बिलांच्या शेंकडा २ इतकी रक्कम निर्धन रुग्णांच्या निधींत जमा करावयाची असते. तातडीचा रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागतां त्याला दाखल करून घ्यावें, असेंही तींत सांगितलें आहे. या बंधनांच्या मोबदल्यांत अशा संस्थांना करांत सूट मिळते. पुष्कळांना जमीनही सवलतीनें मिळालेली असते. सूट याचा अर्थ सर्व जनतेनें सोडून दिलेला पैसा. आमचे पहारेकरी आयकर भरीत नसतील. पण साबणाच्या वडीवरचा कर तेही भरतात. तेव्हां खिडकीच्या आंतला निधि जितका विश्वस्तांचा, तितकाच तो खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या मनुष्याचाही आहे.

हीच गोष्ट सरकारी योजनांची. राज्य सरकारनें २०१२ मध्यें राजीव गांधींच्या नांवानें सुरू केलेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ मध्यें महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. २०१८ मध्यें केंद्र सरकारची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. दोहोंचा पैसा लोकांच्याच तिजोरींतला. तो मिळाला म्हणजे आपण "सरकारनें दिला" असें म्हणतों. परंतु पेढीनें आपल्या खात्यांतली रक्कम आपणांस दिली, तर तिला आपण दाता म्हणत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, शब्दांवर एवढा घोळ कशाला? पैसे मिळाले म्हणजे झालें. त्याला दान म्हणा कीं हक्क म्हणा. आम्हांस हें पटत नाहीं. दान आणि ऋण यांतला भेद केवळ शब्दांचा नाहीं; त्यानें देणाऱ्याची व घेणाऱ्याची उभी राहण्याची रीतच बदलते. दानाला सत्पात्र लागतें, आणि पात्र कोण हें दाता ठरवितो. केव्हां द्यावें, किती द्यावें, देतांना दोन शब्द सुनवावे कीं नाहीं, हें सारें त्याच्या मर्जीवर. ऋणाचें तसें नाहीं. ऋण फेडणाऱ्यानें धनकोच्या शीलाची चौकशी करावयाची नसते, आणि फेडल्याबद्दल त्याच्याकडून उपकाराची भाषाही ऐकावयाची नसते.

आपल्या जुन्या विचारांत या दुसऱ्या कल्पनेला मोठें स्थान आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें सर्वांना ठाऊक आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणांत त्यांच्या जोडीला चौथेंही सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. मनुष्य जन्मतःच इतर मनुष्यांचा ऋणी असतो, आणि त्यांना आश्रय व अन्न देऊन तो तें ऋण फेडतो, अशी ती कल्पना. पहिलीं तीन आपण लक्षांत ठेवलीं आणि चौथें विसरलों, ही गोष्ट आपल्या इतिहासाविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते. दारीं आलेल्या पाहुण्याला पाट मांडण्यापूर्वीं कोणी उत्पन्नाचा दाखला विचारीत नसे. त्याचें येणें हाच त्याचा दाखला असे.

परंतु केवळ जुन्या ग्रंथाच्या आधारानें आजचा प्रश्न सुटत नाहीं. रुग्णाचें असें कोणतें ऋण समाजावर आहे कीं जें समाजानें फेडावें? याचें उत्तर रुग्णालयांच्या इतिहासांतच आहे. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून उभें राहिलेलें रुग्णालय आणि त्याच्या शेजारचें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय हीं दोन्ही १८४५ पासूनचीं. रुग्णालय व महाविद्यालय अशी जोडी कां असते? कारण वैद्यकी केवळ ग्रंथांवरून शिकतां येत नाहीं; ती रुग्णाच्या खाटेशीं उभें राहून शिकावी लागते. आणि पिढ्यान् पिढ्या त्या खाटांवर निजलेलीं माणसें कोण होतीं? गिरणींतले कामगार, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, गांवाकडून बैलगाडीनें व आगगाडीनें आलेले शेतकरी. आज एखाद्या निष्णात शल्यवैद्याचा जो हात लाखांच्या मोलाचा झाला आहे, तो पुष्कळदां याच लोकांच्या शरीरांवर स्थिर झाला. त्यांनीं आपली नाडी, आपली जखम, कित्येकदां मेल्यावर आपला देहही शिकणाऱ्यांच्या स्वाधीन केला. त्याची नोंद कोणत्याही बिलांत वजा दाखविलेली नसते. या हिशेबानें पाहिलें तर खिडकीशीं उभा असलेला गरीब मनुष्य ऋणको नव्हे, धनको आहे.

याचा अर्थ रुग्णालयाचें बिल खोटें असतें असा मात्र कोणी करूं नये. परिचारिकेचें वेतन, प्राणवायु, औषधें, यंत्रें, सर्वांना पैसा लागतोच, आणि तो कोणीतरी द्यावाच लागतो. प्रश्न एवढाच कीं तो आजारी पडलेल्या एकट्या घरानें, आजारपणाच्या ऐन घटकेस द्यावा कीं सर्वांनीं मिळून, आधींपासून द्यावा. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ च्या अहवालांत स्पष्ट म्हटलें होतें कीं, पैसे देण्याचें सामर्थ्य नाहीं म्हणून कोणीही पुरेशा उपचारांस मुकतां कामा नये. इंग्लंडनें १९४८ मध्यें तें तत्त्व आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत उतरविलें. आपल्याकडे राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या २०१५ च्या मसुद्यांत असें नमूद करावें लागलें कीं, केवळ उपचारांच्या खर्चामुळें दरवर्षीं ६ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांवर दारिद्र्याचें संकट येतें. आरोग्यावरील एकूण खर्चापैकीं लोकांच्या खिशांतून थेट जाणारा भाग २०१३-१४ मध्यें शेंकडा ६४ होता, तो २०२१-२२ मध्यें शेंकडा ३९ वर आला, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु ज्याच्या घरावर संकट येतें त्याच्यासाठीं सरासरीला अर्थ नसतो. त्याची दोन एकर जमीन गेली म्हणजे पूर्णच जाते.

या मतावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, चौकशी न करतां दिलें तर लबाड लोक घेतील आणि खऱ्या गरजूंना उरणार नाहीं. हा आक्षेप आजचा नाहीं. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत १८९५ मध्यें मेरी स्टुअर्ट या बाईंची जी नेमणूक झाली, तिचा एक हेतु ऐपतदार लोक फुकट उपचार घेत नाहींत ना हें पाहण्याचा होता. वैद्यकीय समाजसेवकाचें आजचें पद त्या नेमणुकींतून वाढत आलें. आपल्याकडे तें प्रथम १९४६ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत निर्माण झालें. म्हणजे पारख करण्यासाठीं बसविलेला मनुष्य कालांतरानें धीर देणारा व वाट दाखविणारा झाला. निदान व्हावा अशी अपेक्षा ठरली. चौकशी नको असें आमचें म्हणणें नाहीं. पण चुकीच्या दोन जाती असतात हें विसरूं नये. अपात्राला साहाय्य गेलें तर पैसा जातो. पात्राला नाकारलें गेलें तर जीव जातो. पैसा पुन्हां वसूल करतां येतो. ज्या तराजूच्या दोन पारड्यांत इतकें अंतर आहे त्याचा कांटा कोणीकडे झुकवावा याविषयीं शहाण्या मनुष्याला शंका पडूं नये.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. साहाय्याला हक्क म्हटलें कीं दया व कृतज्ञता या दोन्ही सुकून जातात, असें कांहीं सज्जनांना वाटतें. आमचा अनुभव उलट आहे. जेथें साहाय्य मर्जीवर असतें तेथें कृतज्ञतेला भीतीचा वास येतो. शिवाय दयेवर सर्व सोंपविलें म्हणजे काय होतें हें आज उघड दिसत आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रुग्णांची छायाचित्रें घालून लोकांकडून वर्गणी मागण्याची रीत रूढ झाली आहे. तिनें कित्येकांचे प्राण वाचले, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तेथें गोड चेहऱ्याचें मूल एखाद्या वृद्ध विधवेपेक्षां भाग्यवान ठरतें; जिला आठवड्यांतून तीनदां रक्तशुद्धीसाठीं जावें लागतें आणि जिची कथा सांगावयाला कोणी लिहिणारा नाहीं, तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. दया डोळ्यांना जें दिसेल त्यामागें जाते. ऋणाला वही असते, आणि वहींत न दिसणाऱ्याचेंही नांव राहतें. दयेसाठीं जागा उरत नाहीं असें नाहीं; खिडकींतल्या मनुष्याचा स्वर, बसावयास दिलेली खुर्ची, "घाबरूं नका" हे दोन शब्द, हीं कोणत्याही कायद्यानें मिळत नाहींत. तीं दयेचींच कामें.

सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत आपली वाट केव्हांच दाखवून ठेवली आहे. १९९२ मध्यें आगगाडींतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या बाजूच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं जागा नाहीं म्हणून परत पाठविलें. अखेर त्याला खासगी रुग्णालयांत सुमारें १७ हजार रुपये खर्च करून उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्यें न्यायालयानें ही त्याच्या जगण्याच्या हक्काची पायमल्ली ठरविली, त्यास भरपाई देवविली, आणि पैशाच्या टंचाईची सबब राज्याला सांगतां येणार नाहीं असें बजाविलें. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१८ मध्यें तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंतही, बिलाच्या वादापायीं रुग्णाला किंवा मृताच्या देहाला अडकवून ठेवूं नये असें तत्त्व आहे. माणूस ही तारण ठेवण्याची वस्तु नव्हे, हें एकदां मान्य केलें कीं पुढचें पाऊल आपोआप टाकावें लागतें: त्याची लाजही तारण म्हणून मागूं नये.

तें पाऊल फार मोठें नाहीं. रुग्ण दाखल होतो त्याच वेळीं त्याला काय मिळूं शकतें हें रुग्णालयानेंच आपण होऊन सांगावें; बिलाचा आंकडा ऐकून घरचीं माणसें दागिने मोडावयास निघाल्यावर सांगूं नये. एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीनें मागवून घ्यावा. ज्याची बायको आंत शुद्धीवर आलेली नाहीं त्याला शिक्क्यासाठीं तालुक्याला धाडूं नये. आणि मागणाऱ्यानेंही आपला अर्ज ताठ मानेनें पुढें करण्यास शिकावें. कारण हक्क मागणारा वांकला कीं देणाऱ्याला दाता होण्याचा मोह पडतोच.

आमच्या पहारेकऱ्यांना पुन्हां त्या खिडकीशीं जावें लागूं नये अशी आमची प्रार्थना आहे. पण जावें लागलेंच, तर त्यांनीं दिवाळीला शिवलेला तो चांगला सदरा घालून जावें, आणि आंतल्या मनुष्यानें त्यांच्या सदऱ्याकडे न पाहतां त्यांच्या कागदाकडे पाहावें. चौथ्या ऋणाच्या फेडीची सुरुवात एवढ्यानेंही होईल.