पाळण्यात बसताना



८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्याला लागून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याला मोत माउलीची जत्रा भरते, आणि आपल्या गोडदेवमधूनही कुटुंबेच्या कुटुंबे भाईंदरहून गाडी पकडून निघतात. मेणबत्त्या वाहून झाल्या की मुले हात ओढू लागतात. जत्रा म्हटली की त्यांना पाळणे हवेत, आणि त्यातही साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा, गरगर फिरणारा. (आकाशपाळणा वेगळा, तो उभा फिरतो.)

घेरी यावी म्हणून माणूस पैसे मोजतो, ही गंमतच आहे. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार प्रकार सांगितले. त्यांतला एक निव्वळ गरगरण्याचा. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की, थकलेल्या शरीराला जशी विश्रांती, तशी थकलेल्या मनाला करमणूक हवी. तेव्हा पाळण्यात बसणे पाप नव्हे, एवढे आजीबाईंना सांगून ठेवतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. पाळणा एकदा सुटला की आपला जीव आपल्या हाती राहत नाही. मग तो कोणाच्या हाती असतो? 'माउली सांभाळील' असे आपण सहज म्हणतो. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे झुला तुटून दोघांचा मृत्यू झाला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीत पाळणा उंचावरून कोसळून अनेक जण जखमी झाले. तेही देवाचे नाव घेऊनच बसले असतील. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा प्रभू येशूने त्याला श्रद्धा म्हटले नाही. देवाची परीक्षा पाहणे म्हटले.

या पाळण्याचे गणित पाहा. वेग वाढला की खुर्च्या बाहेर झुकतात; पण जाडजूड काका आणि दहा वर्षांची पोर जवळजवळ एकाच कोनात झुकतात. कोन वजनावर ठरत नाही. साखळीवरचा ताण मात्र ठरतो. ४५ अंशांच्या कोनात ७० किलोच्या माणसाचा भार साखळ्यांवर सुमारे १०० किलोइतका पडतो. खुर्चीचे वजन वेगळेच. म्हणजे खालून पाहणाऱ्याला सगळे सारखे दिसतात, आणि कोणती साखळी किती सोसते आहे ते कळत नाही. त्यासाठी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, एकेक कडी हाताने तपासावी लागते.

ती तपासणारा बहुधा परगावचा पोरगा असतो, रात्री उशिरापर्यंत जागलेला. त्याची झोप झाली का, ही चौकशी कोणी करायची? तिकिटात पाच-दहा रुपये कमी करा म्हणून आपण हुज्जत घालतो. ते रुपये शेवटी कशातून कापले जातात, बोल्टांतून की त्याच्या झोपेतून? परवाना देणारे आहेत, हे खरे. पण परवाना कागदावर असतो, गंज कडीवर चढतो.

यंदा जत्रेला जाल तेव्हा पाळणेवाल्याला नम्रपणे विचारा, "भाऊ, आज साखळ्या पाहिल्यात का?" तो हसेल, कदाचित दाखवीलही. रागावला, तर मुलांना चणे आणि कडियोबोडियो घेऊन द्या आणि पुढे चला.