दुसरा बाण



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. विहारात उभे राहून तो कोणी विचारीत नाही. “देव्हारा काढला, पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी मन असे का बुडते? सकाळी उठवत नाही, भाकरी गोड लागत नाही, चार माणसांत बसवत नाही. आमच्या धम्मपालनात काही उणे आहे काय?” आज या प्रश्नाविषयीच बोलावयाचे आहे.

धम्म स्वीकारला म्हणजे पाऊस वेळेवर पडेल, पोराला नोकरी लागेल, घरात कोणी आजारी पडणार नाही, असे आश्वासन तथागतांनी कोणालाही दिले नाही. दुःख आहे, हेच त्यांचे पहिले आर्यसत्य. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात त्यांनी बाणाचा दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, वेदना होणारच. अजाण माणूस त्या वेदनेवर शोक करीत बसतो, छाती पिटतो. त्यामुळे त्याला जणू दुसराही बाण लागतो. पहिला शरीराला, दुसरा चित्ताला. धम्म जाणणाऱ्यालाही पहिला बाण चुकत नाही. दुसरा मात्र त्याला टाळता येतो.

आता आपल्या घरात पाहा. बाळंतपणानंतर सून गप्प झाली. रात्रभर डोळा लागत नाही, लेकराला जवळ घ्यावेसे वाटत नाही. शरीरातले बदल, जागरण, अशक्तपणा, काळजी, यांमुळे असे होऊ शकते. हा पहिला बाण. मग सासू म्हणते, “लेकराचं तोंड बघून कुणी रडतं का?” नवरा म्हणतो, “सोंग करते.” शेजारीण कानात सांगते, “कुळदेवी सोडली ना, तिचाच कोप.” आणि सून स्वतःशी म्हणते, “मीच वाईट.” मोजा, किती बाण झाले! पुढे एखाद्या अमावास्येला घरचेच माणूस लपून भगताकडे जाते, आणि सोडलेला अंधार मागच्या दाराने पुन्हा घरात शिरतो.

कोणी म्हणेल, हे मागच्या जन्मीचे भोग. आजची अवस्था मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. म्हणून उदास माणसाला पापी ठरवू नका. त्याला दुबळाही म्हणू नका. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहत्या जागेतून हुसकावून लावले, तेव्हा गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत खिन्न मनाने बसून होते. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या, तेव्हा ते शोकाने खचले होते. ज्यांनी आपल्याला ताठ मानेने जगावयास शिकविले त्यांचेही मन भरून आले. मग आपल्या डोळ्यांत पाणी आले तर लाजावयाचे कशाला?

मग करावे काय? सतिपट्ठानात चित्त जसे आहे तसे जाणण्यास सांगितले आहे. “मी निकामी आहे” असे म्हणू नका. “आज चित्त उदास आहे” एवढेच म्हणा. आभाळ भरून आले म्हणून कोणी स्वतःला दोष देत नाही. मन लागल्यावर काम करू, अशी वाट पाहू नका. अंथरूण उचला, अंघोळ करा, उन्हात विहारापर्यंत चालून या. सम्यक् व्यायाम एवढ्या लहान पावलानेही सुरू होतो. आणि दुःख बुडविण्यासाठी दारू नको. पाचवे शील इथे फार उपयोगी आहे. दारूने उदासी वाढते.

आनंद म्हणाले होते की कल्याणमित्र म्हणजे अर्धे धम्मजीवन. तथागत म्हणाले, अर्धे नव्हे, संपूर्ण. घरच्यांनी असे कल्याणमित्र व्हावे. उपदेश थोडा करा, जवळ बसा, ऐका.

पण दोन आठवडे झाले तरी मन वर येत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही. औषधाचा गुण यावयास काही आठवडे लागतात. ते आपल्या मनाने बंद करू नये. माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्याला एकटे सोडू नका, शेतीचे विषारी औषध त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हाताने केली होती. येत्या पौर्णिमेला वंदनेला बसाल तेव्हा कोणाची जागा रिकामी आहे ते पाहा. वंदना संपली की त्याच्या घरी जा. का आला नाहीस, असे विचारू नका. चहा मागा आणि थोडा वेळ बसा.

नमो बुद्धाय! जय भीम!